मागच्या खोलीतला आवाज

"मी नाही जात मागं. तू कितीबी वायरी ओढ."

"अवं माय, तुले मागं धाडून नाही राह्यलो मी! आवाज मागं आणून देऊन राह्यलो. एवढं साधं समजून नाही राह्यलं का?"

"पहिले ते खिळे काढ तोंडातले. मंग बोल."

स्टुलावर उभ्या असलेल्या धर्मपालने ओठांत धरलेले खिळे हातावर काढले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. खाली बैठकीच्या मधोमध त्याची आई, कांताबाई, कमरेवर हात ठेवून उभी होती. सकाळपासून मायलेकांचं हेच चाललं होतं. स्पीकरच्या काळ्या वायरीचं वेटोळं दाराच्या चौकटीवरून मागच्या खोलीकडे निघालं होतं आणि चौकटीपाशीच अडलं होतं.

"तुझा आवाज इथी चांगला हाय. त्याले इथीच राहू दे. मीबी इथीच राह्यते."

"इथं शीलाच्या बाया येतात. ममताची बारावी हाय. अन् तू टीव्हीचा आवाज असा करतं, का वामनराव गुरुजी तिकडून भिंत ठोकते."

"ठोकू दे. भिंत काय त्याच्या बापाची हाय?"

"अर्धी हाय, आजी," ममता पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली. ते कांताबाईपर्यंत पोचलं नाही.

शीलाने शिलाई मशीनचं चाक तळहाताने थांबवलं. ती सासूशी भांडत नसे. भांडण्याजोगं काही असलं की तिचा आवाज मऊ होई.

"आत्याबाई, तुमच्याच आरामासाठी करून राह्यले ते. स्वतःची खोली, स्वतःचा स्पीकर. पाह्यजे तेवढा मोठा करा."

"आराम मले होते का तुले?"

मशीन पुन्हा सुरू झालं.

धर्मपाल स्टुलावरून उतरला. "हे पाह्य आई, तुले ऐकूच येत नसन, तं तसं सांग. यवतमाळले नेतो, कानाच्या डाक्टरले दाखवतो. मशीन लावून देतो कानाले. मंग बस कुठी बसाचं तं."

कांताबाईचा कमरेवरचा हात खाली आला.

"ऐकू कायले नाही येत? बहिरी हाय का मी? लाव तुझा भोंगा कुठी लावाचा तिथी. जाते मी मागं."

आणि स्वतःची उशी काखेत मारून ती मागच्या खोलीत गेलीसुद्धा. आपण जिंकलो असं धर्मपालला वाटलं. शीलालाही तसंच वाटलं, आणि तिने दोऱ्याचं नवं रीळ लावलं.

राळेगावच्या या वस्तीत कांताबाई लग्न होऊन आली तेव्हा फुलचंदशेठचं जिनिंग जोरात होतं. नवरा तिथे हमाल. वर्षभरात तीही लागली. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या रांगेसमोर उभं राहून हाताने कापूस पुढे सारायचा, सरकी खाली, रुई पलीकडे. पत्र्याच्या त्या शेडमध्ये रेचे सुरू झाले की माणसाचा आवाज म्हणून काही शिल्लक राहत नसे. ओरडून उपयोग नव्हता, कानाशी तोंड नेऊनही उपयोग नव्हता. पण इतक्या बाया दिवसभर गप्प कशा राहणार? त्यांनी आपली रीत काढली होती. कापसाचा भुगा नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला पदर बांधलेला असे. बोलायचं झालं की पदर हनुवटीखाली ओढायचा. पदर खाली आला म्हणजे ही बोलणार. मग ओठ मोठे मोठे हलवायचे, घशातून काही काढायचं नाही. मुकादम दिसला की नाकाच्या शेंड्यावर बोट. कोणाची सोयरीक, कोणाचं बाळंतपण, कोणाच्या नवऱ्याने काय केलं, सगळं त्या शेडमध्ये बिनआवाजी बोललं जाई. हसणंसुद्धा. नव्याने आलेली बाई पहिला महिनाभर बावळटासारखी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राही आणि मग एके दिवशी तीही बोलू लागे.

कान केव्हा गेले ते कांताबाईला कळलंच नाही. ती जिनिंगमध्ये ओठ पाहत होती, घरी येऊनही ओठच पाहत होती, आणि काम भागत होतं. पुढे कापसाची वर्षं बिघडत गेली. हंगाम आखूड झाला. फुलचंदशेठच्या मुलांनी नागपूर धरलं, एका उन्हाळ्यात शेडचे पत्रे उतरले. रेचे थांबले तरी तिच्या डोक्यातला त्यांचा घुमारा थांबला नाही, आणि त्या घुमाऱ्याच्या पलीकडून माणसांचा आवाज येईना. तेव्हा तिला समजलं.

तिने कोणाला सांगितलं नाही. घरात एवढंच माहीत होतं, की आईला जरा कमी ऐकू येतं. जरा कमी कोणाला येत नाही या वयात? बाकीचं कांताबाईने नीट सांभाळलं होतं. बैठकीत ती नेहमी दाराकडे तोंड करून बसे, म्हणजे येणारा समोरून येई. टीव्ही मोठ्याने लावी, कारण जरा कमी ऐकणारं माणूस टीव्ही मोठ्यानेच लावतं, अजिबात न ऐकणारं लावतच नाही. बोलणं स्वतःच सुरू करी. 'काय गुरुजी, पाय कसा हाय?' म्हटलं की गुरुजी पायाबद्दलच बोलणार, मग चार शब्द निसटले तरी चालतं. संध्याकाळी लाइट गेली की ती लगेच आडवी होई. "लाइट गेली का आजीची बॅटरीबी जाते," असं ममता म्हणायची. अंधारात कोणाचं तोंड दिसणार?

हे सगळं कशासाठी, तर तानाबाईसाठी. म्हणजे तानाबाईसारखं होऊ नये यासाठी. तानाबाई तिच्याच शेजारच्या रेच्यावर होती. तिच्या मुलांना डॉक्टरने सांगितलं, की म्हातारीला काही ऐकू येत नाही. मुलं वाईट नव्हती, सुनाही नव्हत्या. ताट वेळेवर यायचं, सणाला लुगडं यायचं. फक्त त्या दिवसापासून तिच्याशी कोणी बोललं नाही. कशाला बोलायचं? तिला काय ऐकू येणार? सगळं हातावर आलं. बोटं तोंडाशी नेली की जेव, हात हलवला की सरक, मान तिरकी केली की झोप. कांताबाई भेटायला गेली तेव्हा तानाबाईने हनुवटीखालचा नसलेला पदर ओढून ओठांनीच सांगितलं होतं, "गाईसंग तरी माणूस बोलते वो, कान्ते."

त्या दिवसापासून कांताबाईने बैठकीतली आपली जागा सोडली नव्हती.

आणि नेमकी तीच जागा शीलाला हवी होती. यात शीलाचंही काही खोटं नव्हतं. धर्मपालचं काम जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्याचं आणि घरांचं वायरिंग करण्याचं. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की जळालेली मोटार तशीच विहिरीवर पडून राहते. घर बरंचसं शीलाच्या मशीनवर चालत होतं. ब्लाऊज टाकायला बाया येत. माप देताना बाई जरा मोकळी बोलते, घरचं काही सांगते, आणि समोर कांताबाई पापणी न हलवता तिच्या तोंडाकडे पाहत बसलेली. "तुमची सासू माह्या तोंडात काय शोधते वो?" असं एकीने विचारलं. पुढचे दोन दात पडलेली एक बाई तर पुन्हा आलीच नाही. शीला हे नवऱ्याला सरळ म्हणाली नाही. "आत्याबाईले गर्दीत त्रास होते," एवढंच म्हणाली, आणि धर्मपालच्या डोक्यात वायरी फिरू लागल्या.

आवाज हे धर्मपालचं वेड होतं. फुलचंदशेठच्या बंगल्याचं वायरिंग त्यानेच तरुणपणी केलं होतं, आणि तिथे त्याने पाहिलं होतं, की एकाच डब्यातून बैठकीत एक गाणं वाजतं आणि झोपायच्या खोलीत दुसरं. बंगला रिकामा होत होता तेव्हा तो पंखे उतरवायला गेला. शेठ म्हणाले, "हा रिसीव्हर घेऊन जा धर्मपाल, पोरं आता नवा घेणार आहेत." पाट्यासारखा जड काळा डबा त्याने सायकलच्या कॅरिअरला बांधून, हाताने सायकल ढकलत घरी आणला.

"हे काय आणलं बाबा?" ममता म्हणाली.

"होम थिएटर."

"घरात होम तं धड नाही," शीला म्हणाली, पण तिने डबा ठेवायला टेबलावरचे कपडे उचलले.

डब्याला मागून पाहिलं तर भोकंच भोकं होती. पहिल्या रविवारी धर्मपालने बैठकीचे दोन, स्वयंपाकघरातला एक आणि मागच्या खोलीसाठी आणलेला एक, असे सगळे स्पीकर एकाच जागी जोडून टाकले. आवाज वाढवला की डबा 'कट्ट' करून बंद. पुन्हा लावला, पुन्हा कट्ट. "शेठचा डबा हाय, गरिबाच्या घरी लाजून राह्यला," असं वामनराव गुरुजी भिंतीपलीकडून म्हणाले. ममताने इंग्रजी पुस्तिका वाचून सांगितलं, की एवढा भार एका जागी द्यायचा नाही. दुसऱ्या खोलीसाठी वेगळं ठिकाण आहे, तिचं बटण वेगळं, तिचा आवाज वेगळा, लागलं तर तिथे वेगळं काही वाजवता येतं.

"म्हणजे इथं बातम्या अन् आईकडं वंदना?"

"हो. असंच लिहिलंय."

धर्मपाल पुस्तिकेतल्या त्या पानाकडे, इंग्रजी वाचता येत नसतानाही, बराच वेळ पाहत राहिला. आईला तिच्या खोलीत तिच्या पसंतीचं लावून द्यायचं, कोणाला त्रास नाही, कोणाची कटकट नाही. आपल्या हातून आईसाठी झालेली ही पहिली मोठी गोष्ट, असं त्याला वाटत होतं. म्हणून तो त्या सकाळी इतका चिडला.

मागच्या खोलीतला स्पीकर कोपऱ्यात, छताजवळ लागला. पहिल्या दिवशी रेडिओ लावून पाहिला. मागे खणखणीत आवाज आला. सगळ्यांनी जाऊन ऐकला. "कसा येते आई?" धर्मपालने विचारलं. त्याच्या तोंडाकडे पाहून कांताबाई म्हणाली, "झ्याक."

मग धर्मपालने डीव्हीडी प्लेयर जोडला. शेठच्या सामानात एक खास वायर निघाली होती, टोकातून लाल उजेड येणारी. आवाज उजेडातून जातो, याचं त्याला फार अप्रूप. जुनी लाल-पांढरी वायर त्याने खोक्यात टाकून दिली आणि ती उजेडाची वायर लावली. बैठकीत आवाज असा आला, की गुरुजीही भिंत न ठोकता ऐकत बसले. आल्यागेल्याला तो वायरीचं टोक काढून दाखवी. "पाह्य, हात लावून पाह्य. गरम नाही लागत."

रोज सकाळी ममता बुद्धवंदनेची सीडी लावी, मागच्या खोलीत डोकावून "आजी, लावलं बरं का" म्हणे, आणि कांताबाई हात जोडून स्पीकरकडे तोंड करून बसे. धर्मपाल कामाला जाताना विचारी, "येते ना आवाज?"

"झ्याक."

एका सकाळी शीला चहा घेऊन मागे गेली. बैठकीत वंदना केव्हाच संपली होती, ढोलकीवर भीमगीत लागलं होतं, आणि स्वयंपाकघरात तीही त्या ठेक्यावर भाजी परतून आली होती. मागच्या खोलीत मात्र कांताबाई हात जोडून, डोळे स्पीकरवर लावून पंचशीलाचं तिसरं शील म्हणत होती. ओठ हळूहळू हलत होते. मग चौथं. मग पाचवं. शीला कपबशी धरून तशीच उभी राहिली. तिने वर पाहिलं. बाजेच्या कडेवर एक पाय ठेवून तिने स्पीकरच्या जाळीला कान लावला. स्पीकरमध्ये काही नव्हतं. भिंतीतून बैठकीतला आवाज येत होता तेवढाच.

ती कांताबाईच्या पाठीमागे आली. "आत्याबाई, चहा."

कांताबाईचे हात जोडलेलेच होते.

"आत्याबाई," शीला जरा मोठ्याने म्हणाली. मग आणखी मोठ्याने, इतक्या की बैठकीतून ममता ओरडली, "काय झालं आई?"

कांताबाईची पाठ हलली नाही. शीला समोर गेली आणि अगदी हळू, नुसते ओठ हलवल्यासारखं म्हणाली, "चहा घेता?"

"घेते न. साखर जास्त नाही टाकली ना?"

शीला स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. नवऱ्याला सांगायला हवं होतं. सांगितलं तर त्याच्या कौतुकाच्या वायरीचं काय, हा एक विचार. दुसरा विचार तिने स्वतःपाशीही पूर्ण केला नाही. मागची खोली बंद असली की बैठक मोकळी असते, या आठवड्यात तीन नव्या बाया माप देऊन गेल्या होत्या. तिने सांगितलं नाही.

बिजलीबाई आली ती बाजाराच्या दिवशी. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, जिनिंगमधली जुनी सोबतीण, दंडात अजून पांढऱ्या बांगड्यांची रांग. पाऊस नव्हता म्हणून बाज ओसरीत काढली होती. कांताबाई बाजेवर, बिजलीबाई पलीकडे पायरीवर, मध्ये वाळत घातलेली मिरची. आत धर्मपालने आवाज चढवलेला, त्या दणदणाटात शेजारचं माणूसही ऐकू येत नव्हतं. आणि त्या दोघी बोलत होत्या. बिजलीबाई बोलायच्या आधी दर वेळी हनुवटीपाशी काहीतरी खाली ओढल्यासारखं करी. ओठ हलत, हात हलत, दोघी पोट धरून हसत, आणि तोंडातून आवाज मात्र नाही.

"आई, आजीचं पाह्य! मुक्याचा पिक्चर चालू हाय," ममता हसत म्हणाली.

शीलाला हसू आलं नाही. कांताबाई पाणी आणायला आत गेली तेव्हा तिने डब्याचा आवाज उतरवला आणि बिजलीबाईसमोर येऊन बसली.

"मावशी, आत्याबाईले काहीच ऐकू येत नाही ना?"

बिजलीबाईने आत पाहिलं. "तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाही."

"मंग मीबी नाही सांगतलं." मग मिरची उलटीपालटी करत ती म्हणाली, "याडी, माय, आमचे सगळ्यायचे कान तिथीच राह्यले. माह्या घरी सारे मोठ्यानंच बोलतात, भांडखोर हायेत, म्हनून माहं भागून जाते. कान्ताचं घर हळू बोलते. ते तोंड पाह्यते. तोंड दिसलं का तिले सारं ऐकू येते, तुह्यापेक्षा जास्त. आता तुमी तिले तोंडं नसलेल्या खोलीत टाकलं."

"टाकलं नाही वो मावशी, त्यायनं स्पीकर—"

"स्पीकरले व्हट हायेत का?"

कांताबाई पाण्याचा गडवा घेऊन आली आणि दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहू लागली, आळीपाळीने, नेहमीसारखी. शीलाने पहिल्यांदाच तोंड फिरवलं नाही.

तरीही तिने नवऱ्याला सांगितलं नाही. रोज सांगीन म्हणे आणि रोज मशीनवर बसे.

पावसाळ्यातला वर्षावास सुरू होता. वस्तीत दर संध्याकाळी ग्रंथवाचन होई. विहाराचं छत गळत होतं म्हणून यंदा वाचन घरोघर ठेवलं होतं, आणि येत्या रविवारी पाळी धर्मपालची होती. वाचणार वामनराव गुरुजी. धर्मपालने ठरवलं, की गुरुजींच्या हातात माइक द्यायचा, पुरुष बैठकीत बसतील, बाया मागच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात, आणि प्रत्येकाला शब्द न् शब्द ऐकू जाईल. डीव्हीडी प्लेयरला माइकचं भोक होतंच. रविवारी जेवणं झाल्यावर त्याने ममताला माइक देऊन बैठकीत बसवलं आणि आपण मागच्या खोलीत आला. कांताबाई बाजेवर बसून शेंगा फोडत होती. तो खाली, तिच्या पायाशी बसला.

"आई, आता ऐकजो," तो तिच्याकडे पाहून म्हणाला. "गुरुजी वाचतीन ते असं इथी येईन. तुले बैठकीत दाटीवाटीत बसाचं कामच नाही." मग दाराकडे वळून ओरडला, "ममता, बोल!"

बैठकीत ममताचा आवाज घुमला. "हॅलो, हॅलो. आजी, आपल्या घरचा इंजिनिअर आज आंघोळ न करता बसला हाय. हॅलो."

भिंतीतून ते अस्पष्ट आलं. छताजवळचा स्पीकर गप्प होता. धर्मपाल त्याच्याकडे पाहू लागला. तो वर पाहतोय हे कांताबाईने पाहिलं. तिने शेंगा फोडायचं थांबवून मान डोलावली आणि हसून म्हणाली, "झ्याक येऊन राह्यला. एकदम साफ."

धर्मपाल वळला. "काय म्हनून राह्यली ममता?"

"वंदना म्हनते न पोरगी. चांगला आवाज हाय तिचा."

तो उठला. स्टूल ओढून त्याने स्पीकरला कान लावला, वायर हलवली, पुन्हा कान लावला. बैठकीत ममता अजून त्याच्या आंघोळीबद्दलच बोलत होती. उजेडाच्या वायरीतून डब्यात गेलेला आवाज बैठकीच्या पुढे जातच नव्हता. मागच्या खोलीला जुनी लाल-पांढरी वायरच लागत होती, हे त्याला नंतर कळलं. या घडीला त्याला एवढंच कळलं, की स्पीकर मुका आहे, आणि आई खाली बसून मान डोलावते आहे.

तो स्टुलावरून उतरला आणि आईच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. तोंड उघडणार तेवढ्यात दारातून शीला म्हणाली, "नका करू तसं. मी करून पाह्यलं हाय."

"काय करून पाह्यलं?"

"मागून बोलून पाह्यलं. नाही येत त्यायले. अन् हा स्पीकर रेडिओच्या दिवशी वाजला तेवढाच. मंग कधी वाजलाच नाही."

"तुले माहीत होतं?"

"होतं."

"अन् तू मले गावभर त्या वायरीचं कौतुक सांगू देल्लं?"

"वायरीचं काय घेऊन बसले तुम्ही!"

"मंग कायचं घेऊ? माही माय बहिरी हाय, हे मले माह्या घरात कोनी सांगत नाही! तुले बरंच झालं असन, बैठक मोकळी झाली!"

"हो, झालं! मोकळी झाली म्हणूनच ब्लाऊज आले, अन् ब्लाऊज आले म्हणूनच किराणा आला. तुम्ही विचारलं का एकदा तरी कुठून आला?"

ममता माइक हातात घेऊनच दारात आली होती. "काय झालं? आजी तं रोज ऐकते न," ती म्हणाली, आणि तिच्याच हातातल्या माइकमधून ते बैठकीत घुमलं. शीलाने तिच्या हातातून माइक काढून बंद केला. मग दोघं नवराबायको दाराकडे सरकून, आवाज दाबून भांडू लागली, आता हळू बोलण्याची काही गरज नसताना. बाजेवरून कांताबाईला मुलाची मान दिसत होती आणि सुनेचा अर्धा गाल. त्या अर्ध्या गालावरून तिने एक शब्द उचलला, 'बहिरी'. तो शब्द तिला लांबूनही ओळखता आला असता. ममता आजीकडे पाहत होती, काहीतरी विचारावं म्हणून तिने हात उचलला होता, बोटं एकत्र करून कानाकडे नेली होती.

"हात खाली घे," कांताबाई म्हणाली. "अन् तुमी दोघंबी इकडं तोंड करा."

रेचे थांबल्यावर शेडच्या पार टोकाला हाक मारायची तसा तो आवाज होता. तिघंही वळली. धर्मपालचे डोळे भरले होते आणि शीलाची नजर जमिनीवर होती. कांताबाईने मांडीवरची टरफलं लुगड्यातून झाडली आणि तिघांच्या तोंडाकडे पाहिलं, सगळ्यांची तोंडं बंद आहेत याची खात्री केल्यासारखं.

"मले ऐकू येत नाही. तुमाले वाटते तसं कमी नाही, येतच नाही. तोंड दिसलं तं समजते, नाही दिसलं तं नाही समजत. कोनाले डाक्टरकडं न्याचं असन तं नेजा, मी येईन. पन आज माही बाज बैठकीत टाका. शीलाची मशीन या खोलीत आना, इथी खिडकी हाय, तिच्या बायाबी इथीच येतीन, मी पाह्यनार नाही त्यायच्याकडं. अन् या घरात माह्यासंग हातानं कोनी बोलाचं नाही. ज्याले बोलाचं असन, त्यानं माह्या समोर येऊन बोलाचं."